कान दिसतो, जुळं दिसत नाही



बचत गटाची बैठक म्हटली की हप्ते, व्याज, दंड आणि सह्या. ते सगळं उरकलं की चहा होतो आणि मग खऱ्या गप्पा सुरू होतात. अशाच एका बैठकीत आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "मेंढा आनला हातभर कानाचा, आनि कोकरं आली ती ना आईच्या कानाची, ना बापाच्या. ह्ये कसं काय? आपल्याला फसवलं का काय?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या मेंढ्यात गटाचे पैसे होते. आमच्या पाच सदस्यांनी मिळून गटातून अंतर्गत कर्ज काढलं होतं आणि बाजारातून ४० हजारांना तो मेंढा आणला होता. विकणाऱ्याने त्याचा कान तळहातावर पसरून दाखवला. "कान बघा, नाक बघा, अस्सल माडग्याळ हाय," असं तो म्हणाला. आम्ही कान बघितला, नाक बघितलं आणि पैसे मोजले. त्याची आई कोण, ती किती वेळा व्याली, एका वेळी किती कोकरं दिली, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही.

पुढे बावीस मेंढ्या व्याल्या. दोन-तीन कोकरांचे कान बापाच्या जवळ गेले. बाकीच्यांचे मधलेच राहिले. एका मेंढीचे कान मुळातच आखूड होते, तिला जुळं झालं. त्यातलं एक कोकरू लांब कानाचं आणि दुसरं आईसारखं आखूड कानाचं. सगळ्यांनी नाकं मुरडली. आखूड कानाची म्हणून ती आई आणि तिची ती लेक आम्ही पुढच्याच बाजारात कटाईच्या भावाने विकली. बावीस मेंढ्यांत जुळं देणारी ती एकटी होती, आणि नेमकी तिलाच आम्ही घालवलं. याची चुटपुट अजून जात नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की या कानाची गोष्ट मुळापासून समजून घ्यायची. आज तीच सांगतोय.

आधी आपल्या घरचं बघू. आपल्या कोल्हापूर भागात मेंढीला "बकरं" म्हणतात आणि शेळीला "शेरडू". पुण्या-मुंबईच्या माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो. आपली जुनी मेंढी म्हणजे दख्खनी. काळी किंवा काळी-पांढरी, काटक, मैलोन्‌मैल चालणारी. अभ्यासक दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे प्रकार सांगतात, म्हणजे आपल्या जिल्ह्याचं नावही त्या यादीत आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्यावर दिसणारी घोंगडी याच मेंढीच्या लोकरीची. मेंढी राखायची, लोकर कातरायची, बायकांनी ती पिंजून सूत कातायचं, घोंगडं विणायचं आणि दिवाळीनंतर रानात मेंढरं बसवून खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असा तो संसार होता. त्या काळी मेंढीत काय बघायचे? लोकर काळी आहे का, दाट आहे का आणि पाय मजबूत आहेत का. कानाकडे कोण बघतंय!

मग दिवस बदलले. गिरणीतली ब्लँकेटं आली, घोंगड्याचा खप उतरला आणि लोकरीला भाव राहिला नाही. मटणाला मात्र भाव आला. मेंढी लवकर वाढणारी आणि वजनदार हवी, असं झालं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माडग्याळ नावाचं गाव आहे. त्या भागातली मेंढी उंच आणि पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली असते. नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार आणि कान लांब, पानासारखे लोंबणारे. वाढही चांगली. त्यामुळे माडग्याळ मेंढ्याला मागणी आली आणि हळूहळू तिची शर्यत झाली. नाक जितकं बाकदार आणि कान जितका लांब तितका भाव चढा. २०२० साली आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला ७० लाखांपर्यंत मागणी झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. आपण ती तोंडात बोट घालून वाचली.

म्हणजे बघा, आधी लोकर, मग वजन आणि आता कान-नाक. माणसाला ज्या काळात जे हवं असतं, ते तो जनावरात शोधतो आणि त्यालाच जात म्हणतो. आपल्याला काय हवं, हे मात्र आपण बायांनी कधी ठरवलंच नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. कोकरांचे कान मधलेच का आले?

हे कोडं सोडवायला शास्त्रज्ञांनी आधी मेंढ्या घेतल्या नाहीत, ससे घेतले. कारण सोपं आहे. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि बहुधा एकच कोकरू देते. सशाची मादी महिनाभरात विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं देते. दोन-तीन वर्षांत पणतू बघायला मिळतात. इंग्लंडमध्ये लांब, लोंबत्या कानांचे ससे हौसेने पाळायची चाल होती, आपल्याकडे बैलांची असते तशी. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ साली पाळीव जनावरांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात या सशांवर बरंच लिहिलं आहे. काही सशांचे दोन्ही कान लोंबतात, तर काहींचा एकच लोंबतो आणि दुसरा उभा राहतो, हे त्यांनी नोंदवलं. कानाच्या भाराने कवटीच्या हाडाचा आकारही बदलतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. पण पिल्लांत कान कसा उतरतो, याचं नीट उत्तर त्या वेळी कुणाकडेच नव्हतं.

ते शोधायला अमेरिकेत विल्यम कॅसल यांनी लांब कानाचे आणि आखूड कानाचे ससे एकत्र केले. १९०९ साली त्यांनी निकाल छापला. पिल्लांचे कान मधले आले. त्या पिल्लांची आपसात वीण घेतली तरी नातवंडांचेही कान मधल्याच्या आसपास राहिले. आजोबाइतका लांब किंवा आजीइतका आखूड कान सहजी परत आला नाही. कॅसल यांना आधी वाटलं की दूध-पाणी एक व्हावं तसे हे गुण कायमचे मिसळले. पण पुढे स्वित्झर्लंडच्या आर्नोल्ड लांग यांनी याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला आणि तोच टिकला. त्यांचं म्हणणं असं की कानाची लांबी एका गोष्टीवर ठरत नाही. पुष्कळ छोट्या छोट्या गोष्टी मिळून ती ठरवतात.

हे आपल्या भाषेत सांगायचं तर भिशीची चिठ्ठी आठवा. प्रत्येक जनावराच्या अंगात प्रत्येक गुणाच्या चिठ्ठ्या जोडीने असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. पिल्लू देताना आई आपल्या जोडीतली एकच चिठ्ठी देते आणि बापही एकच देतो. कोणती जाईल ते नशिबाचं. सशाच्या कानाच्या लांबीला अशा पुष्कळ जोड्या आहेत. प्रत्येक चिठ्ठी कान थोडा वाढवते किंवा थोडा कमी करते. पिल्लाला निम्म्या चिठ्ठ्या लांब कानाच्या घरातून येतात आणि निम्म्या आखूड कानाच्या. मग कान मधलाच येणार. पुढच्या पिढीत सगळ्याच्या सगळ्या लांब चिठ्ठ्या एकाच पिल्लाच्या वाट्याला येणं म्हणजे वीस जणींच्या भिशीत प्रत्येक महिन्याला एकीचंच नाव निघण्यासारखं आहे.

शेरडांचंही असंच दिसतं. आपल्या उस्मानाबादी शेळीला बीटल, सिरोही किंवा जमनापारी असा लांब कानाचा बोकड दाखवला तर करडांचे कान दोघांच्या मधले येतात. आमच्या मेंढ्याच्या कोकरांचं तेच झालं. त्यात फसवणूक नव्हती. मेंढा अस्सल असता तरी कोकरांचे कान मधलेच आले असते, कारण निम्मं रक्त आपल्या दख्खनी मेंढीचं.

मग त्या जुळ्याचं काय? एक लांब कानाचं आणि एक आखूड, असं कसं? इथे मेंढीची गोष्ट सशापेक्षा वेगळी आहे. मेंढीत लांबीच्या त्या बारीकसारीक चिठ्ठ्या असतातच, पण त्याशिवाय कान आखूड करणारी एक मोठी चिठ्ठी असते. तिची जोडी एकच. काराकुल जातीच्या मेंढ्यांवर काम करून अमेरिकेत जे लश यांनी १९३० च्या सुमारास हे मांडलं. ही आखूड कानाची चिठ्ठी एका बाजूनेच आली तर कान आखूड होतो. दोन्ही बाजूंनी आली तर कान जवळजवळ नसतोच. आणि कुठूनच आली नाही तर कान नेहमीसारखा.

आमच्या त्या मेंढीकडे अशी एक चिठ्ठी असणार. लांब कानाच्या मेंढ्याकडे ती नव्हती. मग तिच्या कोकरांपैकी साधारण निम्म्यांना ती मिळणार आणि निम्म्यांना नाही. एका जुळ्यात एक आणि एक पडलं, इतकंच. ना मेंढा बाटगा, ना मेंढी वाईट. पण कुणाच्या मेंढीला बिनकानाचं कोकरू झालं तर समजा की आई आणि बाप दोघांकडेही ती चिठ्ठी होती. तेव्हा एकट्या सुनेला, म्हणजे मेंढीला, दोष देऊ नका!

आता गोष्टीतला खरा मुद्दा. जुळं देण्याची चिठ्ठी कुठे असते?

पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी आहे. अंगाने एवढीशी, दहा-पंधरा किलोची. कितीतरी गॅरोल मेंढ्यांचे कान अगदी नावालाच असतात. आपल्या बाजारात आणली तर कुणी ढुंकून बघणार नाही. पण ती जुळी देते आणि कधी तिळीही देते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. तिथे त्या दुसऱ्या मेंढ्यांत मिसळल्या. पुढे लोकरीची मेरिनो मेंढी आली आणि या बंगालच्या पाहुणीचं नावही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आखूड कान गेले, बारीक अंग गेलं, रंगरूप सगळं मेरिनोचं झालं.

पण एक चिठ्ठी राहिली. कूमा गावाजवळ बूरूला नावाचं मेंढ्यांचं रान होतं. तिथले सीअर्स बंधू जुळ्या-तिळ्यांतून जन्मलेल्या मेंढ्या मुद्दाम राखून ठेवायचे. त्यांच्या कळपात कोकरांची संख्या इतकी वाढली की १९५८ साली सरकारी संशोधन संस्थेने त्यांच्याकडची जनावरं घेऊन अभ्यास सुरू केला. या कामाच्या पुढे होत्या हेलन न्यूटन टर्नर. या बाईंची गोष्ट आपल्याला आवडेल. त्या शिकल्या होत्या घरं बांधायचं शास्त्र, आणि संस्थेत आल्या त्या टायपिस्ट-सेक्रेटरी म्हणून. तिथे आकडेमोडीची गोडी लागली, पुढे शिकल्या आणि जनावरांच्या पैदाशीच्या संशोधन विभागाच्या प्रमुख झाल्या. कोणती मेंढी कधी व्याली, किती कोकरं दिली, किती जगली, या नोंदींतून त्यांनी आपलं शास्त्र उभं केलं.

१९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दाखवलं की बूरूला मेंढीतला जुळ्यांचा गुण एकाच मोठ्या चिठ्ठीचा आहे. २००१ साली ती शरीरात नेमकी कुठे आहे ते सापडलं. २००२ साली तपासणीत दिसलं की आपल्या सुंदरबनच्या गॅरोल मेंढीतही अगदी हीच चिठ्ठी आहे. दोनशे वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या लेकीचं माहेर असं सापडलं.

आणि आता आपल्या जवळच्या भागात या. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी ती १९६८ साली सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की होतं "नारी". तिथे १९९० च्या दशकात गॅरोल मेंढ्या आणल्या गेल्या आणि डॉ. चंदा निंबकर यांच्या देखरेखीखाली दख्खनी मेंढीशी त्यांचा संकर सुरू झाला. हेतू साधा होता. मेंढपाळाला एका वेताला एकच कोकरू मिळतं. जुळं देणारी, पण आपल्या माळावर टिकणारी आणि अंगाने चांगली मेंढी देता आली तर?

अडचण अशी की गॅरोलचं जुळं हवं, पण तिचं बारीक अंग नको. उपाय होता पिढ्यांचा. पहिल्या संकरात गॅरोलचं रक्त निम्मं. त्यातली जुळ्याची चिठ्ठी असलेली जनावरं निवडून पुन्हा मोठ्या जातीच्या मेंढ्यांशी वीण, की रक्त पाव. पुन्हा तेच केलं की दोन आणे. दर पिढीला गॅरोलचं अंग कमी होत जातं आणि निवड नीट केली तर ती एक चिठ्ठी मात्र टिकून राहते. या कामात कर्नाटकातली बन्नूर मेंढी आणि इस्रायलची आवासी मेंढीही वापरली. पण चिठ्ठी कोणाकडे आहे हे ओळखायचं कसं? मेंढ्याला तर कोकरू होत नाही! पूर्वी त्याच्या लेकी वयात येऊन विण्याची वाट बघावी लागे. २००१ नंतर रक्ताच्या थेंबावरून कळू लागलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही त्यात साथ दिली. यातून जी मेंढी तयार झाली तिचं नाव "नारी सुवर्णा". ही चिठ्ठी असलेली मेंढी एका वेताला सरासरी सुमारे दीड कोकरू देते, तर साधी दख्खनी जवळजवळ एकच. दहा मेंढ्यांमागे पाच कोकरं जास्त, हा हिशोब बैठकीत आमच्या सगळ्यांना लगेच कळला.

यात एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कानाच्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि जुळ्याची चिठ्ठी वेगळी. लांब कानाच्या मेंढ्यात जुळ्याची चिठ्ठी असेल किंवा नसेल. आखूड कानाच्या मेंढीत असेल किंवा नसेल. कान बघून ते कळत नाही. कान बाजारात एका नजरेत दिसतो, म्हणून त्याचे पैसे होतात. वीण बघायला दोन वर्षं थांबावं लागतं आणि ती लिहून ठेवावी लागते, म्हणून तिचे पैसे कोणी देत नाही.

आम्ही विकलेल्या त्या मेंढीत अशी काही चिठ्ठी होती की त्या वर्षी चारा चांगला मिळाला म्हणून तिला जुळं झालं, हे आता कधीच कळणार नाही. चांगल्या खुराकानेही कधी कधी जुळं होतं. पण तिला ठेवून, तिच्या लेकीला ठेवून, दोन वेतं लिहून काढली असती तर कळलं असतं. सीअर्स बंधूंनी एवढंच तर केलं होतं.

जुळं म्हणजे नुसता फायदा, असंही समजू नका. दोन कोकरांना एका आईचं दूध पुरत नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड-दोन महिन्यांत मेंढीला जास्तीचा खुराक लागतो. अशक्त कोकराला वेगळं घेऊन, बाटलीने किंवा दुसऱ्या मेंढीला लावून पाजावं लागतं. हे काम घरात कोण करतं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जुळ्याची मेंढी घ्यायची की नाही हे घरच्या बाईला विचारून ठरवा. रोज चालत लांब जाणाऱ्या कळपात जुळी सांभाळणं अवघड जातं. घराजवळ पाच-दहा मेंढ्या बांधणारीला मात्र ती परवडतात.

आता आमच्या गटाने काय केलं ते सांगतो आणि थांबतो. आम्ही कानाला खडा लावला, आमच्याच. मेंढा किंवा बोकड घेताना पाच प्रश्न विचारल्याशिवाय गट कर्ज देणार नाही, असा ठराव लिहिला. त्याची आई दाखवता का? ती किती वेतं व्याली? दर वेताला किती कोकरं किंवा करडं दिली? त्यातली किती जगली? आणि याचं तीन महिन्यांचं वजन किती होतं? कान आणि नाक बघायला मनाई नाही, पण त्याचे पैसे गटातून मिळणार नाहीत. बाजाराशिवाय दुसरीकडेही चौकशी करायची. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचा फार्म कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणीला आहे आणि फलटणही आपल्यापासून फार लांब नाही.

दुसरं म्हणजे एक वही घातली. सरकारी योजनेत जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा आकडी नंबर असतो. आमच्याकडे पूर्वी बायका म्हणायच्या, "कानाला भोक कशाला पाडायचं, कान खराब दिसतो." आता तोच नंबर वहीच्या पहिल्या रकान्यात लिहितो. पुढे आई, बाप, व्यायल्याची तारीख, किती झाली, किती जगली. वही सांभाळायला आम्ही मावशींच्याच नातीला बसवलंय. ती नववीत आहे.

परवा मावशींनी वहीत बघायला लावलं आणि आपली एक साधी, मधल्याच कानाची मेंढी विकायची थांबवली. तिला सलग दोन वेतं जुळं झालंय. व्यापारी म्हणाला, "मावशी, हिच्या कानात काय हाय?" मावशी म्हणाल्या, "कानात बिल्ला हाय. बाकीचं वहीत हाय."